वाटणीतला रविवार

निलूनं पाणी नको म्हटलं. झालं ते एवढंच. एप्रिलातला रविवार, परभणीचं चार वाजताचं ऊन, पाथरीहून एसटीच्या खिडकीत झळा खात आलेली आठ वर्षांची पोर, आणि मी माठातलं पाणी तांब्यात घेऊन तिच्यासमोर धरलं तर ती म्हणाली, नको. रुसून म्हणाली असती तर मी मनावर घेतलं नसतं. पण ती अगदी नीट म्हणाली, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं म्हणतात तशी, राहू द्या, आत्ताच घेतलं. मग चपला कडेला जोडीनं लावल्या, बॅग मांडीवर घेतली आणि दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर टेकली. पंख्याखालची जागा रिकामी होती. तिची गादी तिथंच होती, भिंतीला तिनं चिकटवलेली चित्रं तिथंच होती, शनिवारी अर्धवट टाकून गेलेली रंगांची डबी खिडकीत उघडी होती. मी तांब्या हातात धरून उभी राहिले आणि मला वाटलं, ही माझ्याकडे पाहुणी आली आहे. 

पाहुणी केली कुणी तिला? आम्हीच. रीतसर, समजुतीनं, कागदावर. कोर्टातल्या समुपदेशक बाई चांगल्या आहेत. तुम्ही नवराबायको म्हणून वेगळे होताय, आईबाप म्हणून नाही, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला भरून आलं होतं. दुसऱ्या खेपेला बाकावर वाट पाहताना आधीच्या जोडप्यालाही त्यांनी हेच सांगितलेलं ऐकलं आणि भरून आलेलं ओसरलं. मुलीचं कसं करायचं ते तुमचं तुम्ही बसून ठरवा, म्हणाल्या, आम्ही ठरवून देण्यापेक्षा ते बरं. मग आम्ही कोर्टासमोरच्या हॉटेलात बसून ठरवायला लागलो. राजेश्वर दुकानाचं बिलबुक घेऊन यायचा. वर छापलेलं, सांबप्पा आणि सन्स, स्टील, तांबे, पितळेची भांडी, पाथरी. त्याखाली आमची मुलगी. शाळेचे दिवस माझ्याकडे. शनिवारी दुपारपासून रविवारपर्यंत पाथरी. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. महाशिवरात्र पाथरीला, कारण शिवम्मा, म्हणजे माझी सासू, निलूशिवाय पूजेला बसणार नाहीत. ताप आला तर कोणी रजा घ्यायची, शाळेत पालकांना बोलावलं तर कोणी जायचं, केस कापायचे का वाढवायचे, सगळं. आमच्या अख्ख्या संसारात आम्ही इतकं बोललो नव्हतो. तो लिहायचा, मी सांगायचे, मध्येच चहा यायचा, आणि हॉटेलवाल्याला आम्ही लग्नाची यादी करणारं जोडपं वाटत असू.

एक कलम माझ्या हट्टाचं. अगदीच अडल्याशिवाय एकमेकांना फोन करायचा नाही. पोरीला ने-आण करतानाही समोरासमोर यायचं नाही. पाथरीचे व्यंकटराव मास्तर दर रविवारी परभणीला येतात, त्यांच्या सोबत निलूला बसवून द्यायचं, मी स्टँडवर घ्यायचं. राजेश्वरनं मान हलवली आणि लिहून घेतलं. एक कलम त्याचं. निलू अठरा वर्षांची होईपर्यंत दोघांपैकी कोणीही तिला जिल्ह्याबाहेर राहायला न्यायचं नाही. हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही, लिहिलं आणि बिलबुक माझ्याकडे फिरवलं. मी वाचलं आणि हो म्हणाले. तेव्हा मला कुठं जायचं नव्हतं. परभणी मला सोडतेय कशाला असं मी मनाशी हसलेही असेन. बनी तो बनी, नही तो परभणी, असं निजामाच्या काळापासून लोक म्हणत आले. कुठं जमलं नाही की माणूस इथं येतो. इथंच जमलं नाही तर कुठं जायचं, हे मात्र त्या म्हणणाऱ्यांनी सांगून ठेवलं नाही.

पाथरीला मला कोणी छळलं नाही. हे सांगतानाच माझी पंचाईत होते, कारण छळ असला की लोकांना पटकन कळतं. माझं माहेर वालूरचं, तिथंही आईनं शेवटपर्यंत विचारलं, अगं पण त्यानं केलं तरी काय? काय सांगू? तो बोलत नाही. सकाळी दुकान, दुपारी दुकान. भांड्यावर नाव टाकायचं यंत्र हातात घेऊन तो घेणाऱ्याला एकच विचारतो, काय नाव टाकू? ते यंत्र किरकिर करत पितळेवर अक्षरं खोदतं. तेवढाच त्याचा आवाज घरात यायचा. मी नोकरीला पाथरी-परभणी जाऊन-येऊन करत होते. संध्याकाळी घरी आल्यावर कोणी तरी विचारावं, उशीर का झाला, बस चुकली का, डोकं दुखतंय का. भांडावं तरी. मी भांडले की तो ऐकून घ्यायचा आणि जेवायला बसायचा. शिवम्मा म्हणायच्या, ‘त्याचा बापबी असाच होता माय, मला काय बोलून दावलं त्यानं? सवय व्हते.’ सवय होते या दोन शब्दांची मला धडकी भरली. ती होण्याच्या आत मी बाहेर पडले. बाहेर पडताना माझ्या लग्नातला एक डबा आणला, त्यावर त्याच्याच हातानं खोदलेलं, सौ. ऋतुजा राजेश्वर. पालथा घातला तरी बोटाला अक्षरं लागतात.

मी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर बी ओळीनं मांडायचं, कागद गुंडाळून ठेवायचा आणि काही दिवसांनी उघडून बघायचं, किती उगवलं, किती कुजलं. कंपनीची मोठी प्रयोगशाळा जालन्याला आहे. मागच्या महिन्यात साहेबांनी विचारलं, जालन्याला येता का, तिथल्या विभागाची मुख्य म्हणून? आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी काही विचारलं होतं. उत्तर उद्यापर्यंत द्यायचं होतं. आणि उद्याच, सोमवारी अकराला, त्या कलमांवर आमच्या दोघांच्या सह्या होत्या. मी ठरवलं होतं की सही करायच्या आधी बाईंना सांगायचं, ते जिल्ह्याचं कलम काढा. निलू माझ्यासोबत जालन्याला येईल, तिथं शाळा आहेत, शनिवार-रविवार तिचा बाप येऊन भेटेल. हे मी फक्त सुकेशनीला, माझ्यासोबत काम करणाऱ्या मैत्रिणीला, फोनवर सांगितलं होतं. निलू तेव्हा शेजारी बसून पाढे लिहीत होती. मुलं पाढे लिहिताना ऐकत नाहीत अशी माझी समजूत होती.

मी लिंबाचं सरबत केलं. नको. ताक केलं, वर जिरं टाकलं, तिला आवडतं तसं. तिनं ताकाकडे पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि परत म्हणाली, नको. बॅग अजून मांडीवरच होती. मी विचारलं, आज्जी रागावली का, बाबा काही म्हणाले का, बसमध्ये मळमळलं का. सगळ्याला मानेनंच नाही. मग माझा पारा चढला. तिकडे पाणी प्यायला चालतं आणि इकडे चालत नाही, असं शिकवून पाठवलंय का तुला, असं मी म्हणाले. आठ वर्षांच्या मुलीला असं म्हणू नये हे मला कळत होतं, पण तोंड सुरू झालं की थांबत नाही. मी आणखीही बोलले. हे घर तुझं नाही का, मी तुझी कोणी नाही का. ती खाली मान घालून ऐकत राहिली, एक शब्द बोलली नाही. आणि मला त्या खुर्चीत राजेश्वर बसलेला दिसला. तोच चेहरा, तीच मान, तेच ऐकून घेणं. पाथरीतून मी निघाले आणि ते घर माझ्या आधी इथं येऊन बसलं होतं.

बाहेर ऊन उतरलं तरी भिंती तापलेल्याच होत्या. मी स्वयंपाकघरात गेले, कणीक भिजवायला घेतली, आणि कणीक भिजवताना उद्याची वाक्यं मनात जुळवत राहिले. बाई, मला वाटतं की मुलीच्या भल्यासाठी. बाई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. कुठलंच वाक्य शेवटाला जाईना. मध्येच निलूचा सुकलेला चेहरा यायचा. पाहुण्यांना सुद्धा शेवटी तहान लागते, ते मागून घेतात. ही का मागत नाही? दिवेलागणीला मी बाहेर येऊन दिवा लावला आणि उजेडात तिचा गळा दिसला. रिकामा. फ्रॉकच्या गळ्यातून नेहमी डोकावणारा दोरा नव्हता, त्यातली चांदीची डबी नव्हती.

‘निलू, लिंग कुठंय?’

‘दुकानात राहिलं.’

 आमच्यात जन्मल्यावर प्रत्येकाच्या गळ्यात त्याचं स्वतःचं लिंग बांधतात आणि ते मरेपर्यंत अंगावरून उतरवायचं नसतं. आता कोण पाळतं? माझंच कपाटात साडीच्या घडीत आहे. पण शिवम्मा पाळतात. लिंग अंगावर नसलं तर अन्न सोडा, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. एकदा त्यांचा दोरा नदीवर तुटला होता आणि डबी सापडेपर्यंत त्या दिवसभर वाळूत कोरड्या तोंडानं बसल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी नातीला इतक्या वेळा सांगितली आहे की निलूला ती पाठ आहे. शनिवारची रात्र, रविवारची सकाळ, आज्जीच्या शेजारी पाटावर बसून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन. कागदावर आम्ही केसांपर्यंत सगळं लिहिलं होतं. हे लिहिलं नव्हतं. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण जे अंगावरच असतं त्याची वाटणी करायची असते हे कोणाला सुचणार?

मी तिला जवळ घेतलं, हात फिरवला. कातडी कोरडी, गरम. म्हटलं, बाळा, देवाला असं काही नसतं, तो रागवत नाही, एक घोट घे. ती म्हणाली, नाही. कपाटातून माझी डबी काढून आणली, म्हटलं, हे बांध तोवर. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच लहान झाले. ‘दुसऱ्याचं चालत न्हाई आई,’ ती म्हणाली, ‘तुला ठाव हाय की.’ ठाऊक होतं. मग ती हळूच म्हणाली, ‘बाबाला फोन कर ना.’

मी फोन हातात घेतला आणि धरून बसले. हे सांगायला मला लाज वाटते आहे, पण तहानेनं व्याकूळ लेकरू समोर असताना मी कलमाचा विचार करत होते. अगदीच अडल्याशिवाय. हे अडणं होतं की नव्हतं? उद्या सही, आणि आज मीच फोन करून म्हणायचं, या. त्याचा तो फोनवरचा हुंकार ऐकायचा. पाथरीहून मोटरसायकलवर यायला तास लागतो, म्हणजे तासभर मी त्याची वाट पाहायची, जशी लग्नानंतरची इतकी वर्षं पाहिली. आणि उद्या बाईंसमोर मी कोणत्या तोंडानं सांगणार की जालन्याला सगळं नीट होईल? जालन्याला येताना दोरा विसरला तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. निलू माझ्या बोटांकडे पाहत होती. मी फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणाले, निलूचं लिंग दुकानात राहिलंय, तिनं दुपारपासून पाणी घेतलेलं नाही.  ‘येतो,’ तो म्हणाला. एवढंच. मी निलूला सांगितलं, तासभर लागेल, आडवी हो. ती आडवी झाली नाही. तिनं बॅग मांडीवरून खाली ठेवली, मोरीत जाऊन हातपाय धुतले, कोनाड्यातली विभूती काढून ठेवली आणि पाट मांडला. मी कुकर लावला. कुकरची शिट्टी व्हायच्या आत खाली मोटरसायकल थांबली.

तो दारात उभा राहिला. घरात येऊ का असं त्यानं विचारलं नाही आणि या असं मी म्हटलं नाही, तरी तो आत आला, कारण निलूनं त्याचा हात धरून ओढलं. शर्टाची पाठ घामानं चिकटलेली, केसात रस्त्याची धूळ. मी म्हणाले, लवकर आलात. तो म्हणाला, ‘हां.’ मानवतला त्याची बहीण दिली आहे, तिच्याकडे आला असेल असं मी धरून चालले. त्यानं वरच्या खिशातून डबी काढली, रुमालात गुंडाळलेली, आणि चार बेलाची पानं, मलूल झालेली. निलू पाटावर बसली. कपाळाला विभूती लावली, डावा तळहात पुढे केला, त्यावर ते काळं, गुळगुळीत लिंग ठेवलं. राजेश्वरनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि थेंब थेंब पाणी सोडलं. मी पान दिलं. तिची नजर तळहातावरून हलली नाही. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना ओणवे होतो, आमची डोकी जवळ आली होती आणि त्याच्या घामाचा ओळखीचा वास येत होता. मला रडावंसं वाटलं आणि पळून जावंसं वाटलं, दोन्ही एकदम. तळहातावरचं पाणी तिनं आधी प्राशन केलं, मग तांब्या तोंडाला लावला. घशातून पाणी उतरल्याचा आवाज त्या लहानशा खोलीत मोठ्यानं ऐकू आला. तो आवाज ऐकताना राजेश्वर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

जेवून जा, असं मी म्हटलं. रीत म्हणून म्हटलं की मनापासून, माझं मला सांगता येणार नाही. ‘माय वाट बघायली असंल,’ तो म्हणाला. चपला घालताना म्हणाला, ‘उद्या अकराला.’ मी म्हणाले, हो. त्यानं निलूच्या गळ्यातला दोरा ओढून पाहिला, गाठ घट्ट आहे ना ते तपासलं, आणि जिना उतरून गेला.

निलू जेवायला बसली. तिचा चेहरा पाण्यानं परत भरून आला होता. भेंडीची भाजी, गरम पोळी, ती मन लावून खात होती आणि मी तव्यापाशी बसून तिला पाहत होते. उद्या काय बोलायचं ते मी परत जुळवायला घेतलं होतं. हे एकदाच होईल, दोरा पक्का करून घेऊ, जालन्याला जाताना मी स्वतः पाहीन. वाक्यं आता शेवटाला जायला लागली होती.

‘बाबा किती लवकर आले ना,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, मानवतला असतील.

‘न्हाई. ते कोपऱ्यावरच्या टपरीत होते. बसच्या मागं मागं आले, मी खिडकीतून बघितलं.’ तिनं घास चावला, गिळला. ‘मीच दिलं त्यांच्यापाशी. दुकानात. म्हणलं, हे तुमी ठेवा, आई फोन करील तवा घेऊन या.’

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मी विचारलं, मग बाबा काय म्हणाले?

‘काईच न्हाई. ते कुठं काय म्हणतात? खिशात ठेवलं.’

‘आणि मी फोन केलाच नसता तर?’

तिनं जरा विचार केला. ‘केला असतास की,’ ती म्हणाली.

मला राग आला. इतका राग आला की तवा उचलून आदळावा. पोरीचा नाही, त्याचा. उन्हात टपरीवर बसून राहिलेला, खिशात लेकीचं लिंग घेऊन, फोन कधी वाजतो म्हणून. तीन तास. वर येऊन एक शब्द बोलला असता. पण ते त्याच्यानं होणार नव्हतं, आणि तिच्यानंही नाही, ती कोरड्या तोंडानं दारात बसून राहिली. दोघं जण दोन ठिकाणी बसून माझ्याकडे बघत होते आणि मी ताकात जिरं घालत होते. मला त्यांनी काही मागितलं नव्हतं. मागितलं असतं तर मी नाही म्हणू शकले असते. कोणी हात धरला नव्हता, कोणी दार लावलं नव्हतं, आणि या दोन खोल्यांतून, या गावातून, त्या माणसातून बाहेर जायची वाट कुठल्या बाजूला आहे ते मला दिसेनासं झालं. पोळी तव्यावर करपली. मी ती काढून बाजूला ठेवली आणि दुसरी टाकली.

‘आई,’ निलू म्हणाली, ‘जालन्याला आपलं घर असंल ना, तिथं कोपऱ्यावर टपरी हाय का? बाबाला बसायला?’

ती तक्रार करत नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ओठाला भाजीचा रस्सा, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळे माझ्यावर.

‘जालन्याला कोण चाललंय?’ मी म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की मला माझाच आवाज ओळखू आला नाही. निलूनं मान डोलावली, ताटातला शेवटचा तुकडा पुसून खाल्ला आणि आणखी एक पोळी मागितली.